आऊटबोर्ड इंजिनाची फुटलेली गिअरपेटी : पारख आणि दुरुस्ती

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर ज्या लहान होड्या मासेमारीसाठी, खाडीपलीकडच्या वाहतुकीसाठी किंवा प्रवाशांसाठी चालतात, त्यांपैकी अनेकींच्या मागच्या फळीवर आज आऊटबोर्ड इंजिन अडकविलेले दिसते. होडीच्या पोटात जागा न अडविणारे, दोन माणसांना उचलून नेता येणारे आणि उथळ पाण्यात वर उचलून धरता येणारे हे इंजिन अमेरिकेतील मिलवॉकी येथे ओले एव्हिनरूड यांनी १९०९ च्या सुमारास विक्रीस आणले आणि पुढे जगभरच्या लहान नौकांवर त्याचा प्रसार झाला. आपल्या देशात १९८० च्या दशकात पारंपरिक नौकांच्या यांत्रिकीकरणास शासकीय साहाय्य मिळू लागले, तेव्हापासून हे यंत्र कोळीवाड्यांच्या नित्य परिचयाचे झाले आहे.

किनाऱ्यापासून दूर असलेल्या गावांना त्याची ओळख पुरामुळे झाली. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात, तसेच जुलै २०२१ मध्ये चिपळूण व महाड परिसरात पाण्याने वेढलेल्या वस्त्यांमधून माणसे बाहेर काढण्यासाठी ज्या बोटी वापरण्यात आल्या, त्यांना बहुतांशी हीच इंजिने जोडलेली होती. अशा वेळी बोट नदीत चालत नाही. ती बुडालेल्या कुंपणांवरून, शेताच्या बांधांवरून, रस्त्याच्या दुभाजकांवरून आणि पडलेल्या झाडांमधून चालते. समुद्रातील खडक निदान तांडेलाला पाठ असतात. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणारी वाट पाण्याखालच्या खडकांमधून वळणे घेत जाते आणि तेथील नाववाले ती वर्षानुवर्षे बिनचूक काढतात. पुराच्या पाण्याखाली काय दडले आहे, हे मात्र कोणालाच पाठ नसते. परिणामी पहिला आघात इंजिनाच्या सर्वांत खालच्या भागावर, म्हणजे गिअरपेटीवर होतो.

ही पेटी फुटली की कोळ्याचा हंगाम बुडतो. आणि बचावाची बोट असेल, तर ती भर प्रवाहात निकामी होऊन आतील माणसांचा जीव धोक्यात येतो. दुसरीकडे, प्रत्येक फुटलेली पेटी टाकून देण्याच्या लायकीची असते असेही नाही. नवी पेटी महाग असते आणि जुन्या इंजिनांसाठी ती वेळेवर मिळेलच असे नसते. म्हणून कोणती पेटी दुरुस्त होऊ शकते, कोणती होऊ शकत नाही आणि केलेली दुरुस्ती भरवशाची आहे की नाही, हे ओळखण्याचे ज्ञान केवळ कारागिरापुरते राहू नये. मच्छीमार सहकारी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना, ज्या ग्रामपंचायतीच्या ताब्यात बोट आहे तिच्या सदस्यांना आणि दुरुस्तीच्या खर्चास मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यांनाही ते असणे इष्ट आहे.

पेटीची रचना

आऊटबोर्ड इंजिनाचे तीन भाग मानता येतात. वर इंजिन, मध्ये पाय आणि खाली गिअरपेटी. इंजिनाची शक्ती एका उभ्या दांड्याने खाली येते. पेटीत या दांड्याच्या टोकाला लहान गिअर असतो. तो पुढे जाण्याचा आणि मागे येण्याचा अशा दोन मोठ्या गिअरांना फिरवीत असतो. त्या दोहोंपैकी एकाला आडव्या दांड्याशी जोडले की पंखा फिरू लागतो. इंजिनाचे सुमारे दोन फेरे झाले म्हणजे पंख्याचा एक फेरा होतो, असे साधारण प्रमाण असते. म्हणजे फेरे कमी होतात, पण पिळाचा जोर तितकाच वाढतो आणि तो सगळा जोर या पातळ भिंतीच्या पेटीत सामावलेल्या बेअरिंगांवर येतो.

पेटी ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांच्या मिश्रधातूची असून ती साच्यात ओतलेली असते. तिचा फुगीर, माशाच्या अंगासारखा भाग गिअर आणि तेल धरून ठेवतो. त्याच्या खाली उभे पाते असते. त्याला स्केग म्हणतात. हे पाते पंख्याला खालून आलेल्या धक्क्यापासून वाचविते आणि होडी वळविताना सुकाणूचेही थोडेफार काम करते. पंख्याच्या वर आडवी पट्टी असते. ती पृष्ठभागावरची हवा पंख्याकडे खेचली जाऊ देत नाही. बाजूला पाणी आत घेण्याची जाळी असते आणि पेटीच्या माथ्यावर रबरी पात्यांचा पंप असतो. इंजिन थंड ठेवणारे पाणी हाच पंप वर चढवितो. म्हणजे पेटीला इजा झाली, तर ती गिअरांपुरती राहीलच असे नाही. पाण्याची वाट बंद झाल्यास वरचे इंजिनही तापून बसते.

पेटी का फुटते

आघात हे उघड कारण आहे. परंतु आघात तर नेहमीच होतात, मग पेटी नेमकी एखाद्याच वेळी का फुटते, हे पाहण्यासारखे आहे. पुढे जात असताना इंजिन एखाद्या वस्तूवर आदळले, तर ते बिजागरीवर मागे उचलले जावे अशी सोय असते. गिअर मागे टाकला की मात्र इंजिन वर उचलले जाऊ नये म्हणून एक आकडा त्याला खाली धरून ठेवतो. म्हणून खडकाळ किंवा पूरग्रस्त जागेत जोरात मागे येणे हे पेटी फोडण्याचे सर्वांत खात्रीचे साधन होय. काही ठिकाणी तो आकडा गंजून अडकलेला असतो. काही ठिकाणी इंजिन थरथरू नये म्हणून ते दोरीने जखडून टाकलेले असते. अशा इंजिनाला पुढे जातानाही माघार घेता येत नाही आणि सगळा धक्का ओतीव ॲल्युमिनियमला सोसावा लागतो. ओतीव धातू वाकून धक्का पचवीत नाही, तो तडकतो.

लहान इंजिनांत पंखा आणि दांडा यांना जोडणारी एक मऊ धातूची पिन असते. पंखा अडला की ती तुटावी आणि गिअर वाचावेत, एवढ्याचसाठी ती बसविलेली असते. ती तुटली की तिच्या जागी लोखंडी खिळा ठोकण्याची चाल सर्वत्र आढळते. खिळा तुटत नाही हे खरे. त्याऐवजी गिअराचा दात तुटतो, तो दोन गिअरांमध्ये सापडतो आणि पेटी आतून फुटते. दहा-वीस रुपयांची पिन सोबत न बाळगल्यामुळे हजारो रुपयांचे नुकसान ओढवून घेण्याचा हा प्रकार आहे.

यावरून तपासणीचा पहिला नियम निघतो. तड्याच्या कडा कोणत्या दिशेला ढकललेल्या आहेत ते बोटाने चाचपून पाहावे. कडा आत दबलेल्या असतील तर मार बाहेरून बसला आहे. त्या बाहेर उचललेल्या असतील तर कारण आत आहे. गिअर किंवा बेअरिंग मोडले आहे. अशी पेटी कितीही सुबक वेल्डिंग करून आणली तरी आतील बिघाड तसाच राहिल्यास ती पुन्हा फुटणार. दुरुस्तीचे देयक मंजूर करणाऱ्याने विचारावयाचा पहिला प्रश्न हाच असला पाहिजे.

तिसरे कारण सावकाश काम करते. ते म्हणजे खारे पाणी. ॲल्युमिनियम, पोलाद आणि पितळ एकमेकांना लागून खाऱ्या पाण्यात बुडाले की त्यांची एक विद्युत्-घटमाला तयार होते आणि तीत ॲल्युमिनियम झिजते. रंग उडालेल्या जागी पांढरी भुकटी दिसू लागते, तिच्याखाली खड्डे पडतात आणि एके दिवशी साध्याशा धक्क्याने तेथे भोक पडते. पंख्यामागे गुंडाळलेले तंगूस हा आणखी एक गुप्त शत्रू. जाळ्याचा बारीक धागा दांड्याभोवती आवळत जातो आणि ऑइल सील कापतो. त्यामुळे पेटी बाहेरून धडधाकट दिसत असतानाही आत पाणी शिरत राहते.

तेल काय सांगते

पेटी उघडण्यापूर्वी तिचे तेल काढून पाहावे. पेटीला दोन स्क्रू असतात, एक खाली तेल काढण्याचा आणि एक वर हवेचा. दोन्ही सोडवून तेल स्वच्छ भांड्यात घ्यावे. ते सोनेरी किंवा काळपट पण नितळ असेल तर पाणी शिरलेले नाही. दुधाच्या चहासारखे फेसाळ असेल तर पाणी निश्चितपणे शिरले आहे. बोट दोन-तीन दिवस उभी असेल तर तेलाच्या आधी निव्वळ पाणीच बाहेर पडते, कारण ते तळाशी बसलेले असते. खालच्या स्क्रूच्या टोकाला अनेक इंजिनांत लोहचुंबक असतो. त्यावर मऊ काळा लेप असणे स्वाभाविक आहे. चमकणारे तुकडे किंवा दाताचा कपचा असणे स्वाभाविक नाही. हे तेल खाडीत किंवा गटारात ओतू नये, ते बाटलीत साठवून जुने तेल घेणाऱ्याकडे द्यावे.

त्यानंतर दाबाची परीक्षा. वरच्या भोकाला हातपंप आणि दाबमापक जोडून पेटीत हवा भरतात. दाब एका चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅमपर्यंत असावा. तो यापुढे नेला तर चांगले सीलही उखडण्याची भीती असते. पेटी पाण्याच्या पिंपात बुडविली की बुडबुडे जेथून येतात ती गळतीची जागा. त्या वेळी दोन्ही दांडे हाताने फिरवून आणि थोडे ओढून-दाबून पाहिले पाहिजेत, कारण काही सील स्थिर असताना टिकतात आणि दांडा हलला की गळतात. ही परीक्षा दुरुस्तीपूर्वी एकदा आणि दुरुस्तीनंतर एकदा व्हावी. दोन्हींसाठी मिळून अर्धा तास पुरतो, तरीही ती वगळली जाते, हे आश्चर्य आहे.

दुरुस्त होण्याजोगे आणि न होण्याजोगे

तुटलेले स्केग, आडव्या पट्टीचा निघालेला तुकडा, फुगीर भागाच्या भिंतीतील बेअरिंगपासून दूर असलेला तडा, खाऱ्या पाण्याने पडलेले खड्डे आणि स्क्रूचे झिजलेले आटे एवढ्या गोष्टी दुरुस्त होतात. बेअरिंग ज्या गोल बैठकीत बसते तिच्यातून तडा गेला असेल, तर पेटी बाद समजावी. ही बैठक मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत नेमकी कोरलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने तिचा आकार बदलला की बेअरिंग एक तर सैल बसते किंवा जाम होते. गिअरांची परस्परांतील फट बिघडते आणि काही तासांत दात झिजू लागतात. ती पुन्हा कोरण्याची यंत्रसामग्री आणि कसब असलेला कारखाना मिळाला तर गोष्ट वेगळी. परंतु त्याचा खर्च बहुधा जुन्या इंजिनाच्या चांगल्या सुट्या पेटीपेक्षा अधिक पडतो. पेटीला पायाशी जोडणारे बोल्टांचे कान तुटले असतील, तर निर्णय कारागिरावर सोपवावा. एक कान जोडता येतो. दोन-तीन तुटले असतील तर जोडलेल्या कानांवर भर प्रवाहात विसंबून राहणे शहाणपणाचे नव्हे.

पेटी उतरविताना घाई केल्यामुळेही हे कान तुटतात. स्टेनलेस पोलादाचे बोल्ट ॲल्युमिनियमच्या आट्यांत वर्षानुवर्षे राहिले की पांढऱ्या गंजाने घट्ट धरतात. त्यांच्यावर गंज सोडविणारे तेल टाकून रात्रभर ठेवावे, भोवतालचा भाग बेताने गरम करावा आणि पाना पुढे-मागे करीत सोडवावे. परत बसविताना प्रत्येक बोल्टाला सागरी ग्रीस लावले तर पुढच्या माणसाचे कष्ट वाचतात.

वेल्डिंगपूर्वीची तयारी

ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगचे यश ज्योत पेटण्यापूर्वीच ठरते. पेटीतील गिअर, दांडे, बेअरिंग, सील आणि पंप, सर्व काही बाहेर काढलेच पाहिजे. सील आत ठेवून केलेले वेल्डिंग म्हणजे सील जाळण्याची पद्धत होय. शिवाय तेलाचा अंश असलेली बंद पेटी गरम केल्यास आतील वाफेचा स्फोट होऊ शकतो. म्हणून सर्व भोके उघडी असावीत.

ओतीव धातूत सूक्ष्म छिद्रे असतात. वर्षानुवर्षे त्यांत तेल आणि मीठ मुरलेले असते. पेटी आधी गोड्या गरम पाण्याने धुवावी, मग ॲसिटोनने पुसावी. नंतर ती मंद आचेवर हात लावता येणार नाही इतकी तापवावी. तेल घामासारखे पृष्ठभागावर येते. ते पुसून काढावे आणि हाच क्रम तेल येणे थांबेपर्यंत दोन-तीनदा करावा. क्लोरीनयुक्त साफसफाईचे द्रव मात्र येथे कटाक्षाने टाळावेत. त्यांचा अंश वेल्डिंगच्या ज्योतीत सापडला तर अत्यंत विषारी वायू तयार होतो. वेल्डिंगच्या जागी हवा खेळती असणेही तितकेच आवश्यक आहे.

तडा डोळ्यांना दिसतो त्याहून लांब असतो. रंग खरवडून त्या जागी लाल भेदक द्रव लावावा, पुसावा आणि वर पांढरी पूड फवारावी. तड्याचे खरे टोक लाल रेघेने उमटते. दोन्ही टोकांना सुमारे तीन मिलिमीटरचे छिद्र पाडले म्हणजे तडा पुढे पळत नाही. मग तड्याच्या लांबीभर इंग्रजी व्ही अक्षरासारखी चर कोरून निरोगी, चकचकीत धातू लागेपर्यंत खोल जावे. शेवटी स्टेनलेस पोलादाच्या ब्रशने घासावे. हा ब्रश फक्त ॲल्युमिनियमसाठी वेगळा ठेवलेला असावा. लोखंडावर वापरलेल्या ब्रशाने लोखंडाचे कण सांध्यात जातात.

वेल्डिंग

ॲल्युमिनियमवर हवेतील प्राणवायूमुळे ऑक्साइडचा पातळ थर क्षणात चढतो. धातू सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळतो आणि ओतीव मिश्रधातू त्याहूनही आधी वितळतात. परंतु वरचा ऑक्साइडचा थर २००० अंशांच्याही पुढे टिकून राहतो. सामान्य वेल्डरची अडचण नेमकी येथेच होते. आतला धातू पाण्यासारखा झाला तरी वरची साय फुटत नाही आणि फुटते तेव्हा सगळा भाग एकदम खाली ओघळतो. शिवाय ॲल्युमिनियम तापून लाल होत नाही, त्यामुळे रंगावरून अंदाज घेण्याची लोहारकामातील सवय येथे निरुपयोगी ठरते. ठराविक तापमानाला वितळणारे खडू मिळतात. त्यांची रेघ ओढून उष्णता ओळखावी.

या कामास योग्य पद्धत म्हणजे आर्गॉन वायूच्या आवरणाखाली प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाहाने केलेले टिग वेल्डिंग. प्रवाहाची दिशा उलटसुलट होत असल्यामुळे एका अर्ध्या आवर्तनात ऑक्साइडची साय फुटते आणि दुसऱ्यात धातू वितळतो. भरण्यासाठी पाच टक्के सिलिकॉन असलेली सळई वापरतात. तिला ४०४३ या क्रमांकाने ओळखले जाते. पेटी आधी सुमारे दीडशे अंशांपर्यंत सर्वत्र सारखी तापवून घेतली तर जाड-पातळ भागांतील ताण कमी होतो. सांधा एका दमात ओढू नये. दोन-तीन सेंटिमीटरचा टाका घालावा, थांबावे, मग दुसऱ्या टोकाकडून घालावा. काम संपल्यावर पेटी वाळूत किंवा कोरड्या गोणपाटात गुंडाळून सावकाश थंड होऊ द्यावी. पाणी ओतून थंड केल्यास नवा तडा जातो.

टिग वेल्डिंग आयटीआयच्या वेल्डर अभ्यासक्रमात शिकविले जाते, त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी हे काम जाणणारा माणूस शोधणे आता फारसे कठीण राहिलेले नाही. गावच्या गॅरेजात गॅसच्या ज्योतीवर आणि फ्लक्सच्या साहाय्यानेही ॲल्युमिनियम जोडतात. ते चालू शकते. मात्र फ्लक्सचा अवशेष गरम पाण्याने घासून पूर्णपणे काढला पाहिजे, अन्यथा तोच धातूला खात राहतो. कमी तापमानाला वितळणाऱ्या जस्तमिश्रित सळयांची हल्ली बरीच जाहिरात असते. गोड्या पाण्यात स्केगचा कोपरा भरण्यास त्या ठीक आहेत. खाऱ्या पाण्यात मात्र सांध्यातील जस्त आधी झिजते आणि जोड सुटतो.

स्केग नव्याने बसविणे हे त्या मानाने सोपे काम आहे. मोडलेली कड सरळ कापून घ्यावी आणि त्याच प्रकारच्या इंजिनाच्या पुठ्ठ्यावर काढलेल्या आकारानुसार ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्याचा तुकडा कापावा. भंगारातील पेटीचे स्केग मिळाले तर अधिकच चांगले. दोन्ही कडांना दोन्ही बाजूंनी उतार द्यावा, चार ठिकाणी टाके घालून सरळपणा पाहावा आणि मग डाव्या-उजव्या बाजूंनी आळीपाळीने वेल्डिंग करावे. एकाच बाजूने केल्यास पाते वाकते आणि होडी सतत एका अंगाला ओढू लागते. वाकलेले स्केग हातोडीने थंड स्थितीत सरळ करण्याचा मोह आवरावा. ते सरळ होते, पण मुळाशी तडकते, आणि तो तडा तेलापर्यंत जातो.

इपॉक्सीचे स्थान

दोन भाग मिसळून लावावयाच्या इपॉक्सीबद्दल दोन टोकाची मते आढळतात. काहींना ती सर्व रोगांवरचे औषध वाटते, काहींना निव्वळ फसवणूक. खरे तर तिचे काम ठरलेले आहे. खड्डे भरणे, झिजलेली कड उभी करणे, केसासारख्या गळतीवर थर देणे, यासाठी ॲल्युमिनियमची पूड मिसळलेली इपॉक्सी उत्तम टिकते. अट एकच, पृष्ठभाग ८० नंबरच्या कागदाने घासल्यानंतर तो ॲसिटोनने पुसून लगेच थर द्यावा. दुसऱ्या दिवसावर टाकल्यास ऑक्साइड पुन्हा चढलेला असतो आणि थर पापुद्र्यासारखा निघतो. थर पूर्ण कठीण होण्यास २४ तास द्यावेत. गिअरांचा जोर ज्या भिंतीवर येतो तेथे मात्र इपॉक्सीवर भिस्त ठेवू नये. मोटारगाड्यांच्या पत्र्यासाठी वापरली जाणारी पुट्टी पाणी शोषते, म्हणून ती येथे पूर्णतः वर्ज्य होय. भर समुद्रात पेटी फुटली असता हाताने मळून लावलेली पुट्टी किनाऱ्यापर्यंत आणते, एवढा तिचा उपकार मान्य करावा आणि किनाऱ्यावर आल्यावर ती खरवडून टाकावी.

स्क्रूचे आटे गेले असतील तर भोक थोडे मोठे करून त्यात स्टेनलेस तारेची मळसूत्री गुंडाळी बसवितात. नवे आटे मूळच्यांपेक्षाही मजबूत होतात. मोठा स्क्रू ठोकून बसविणे हा उपाय पेटी फोडण्यात परिणत होतो.

जस्ताचा तुकडा

पेटीवर पंख्याच्या वर किंवा बाजूला धातूचा एक राखाडी तुकडा बसविलेला असतो. तो स्वतः झिजून पेटीला वाचवितो. खाऱ्या पाण्यात जस्ताचा, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा आणि दोन्हींत चालणारा विशिष्ट ॲल्युमिनियम मिश्रधातूचा असे त्याचे प्रकार आहेत. तो निम्मा झिजला की बदलावा. दुरुस्तीनंतर पेटी रंगविताना हा तुकडाही रंगवून टाकला जातो, ही चूक फार सर्रास होते. रंगविलेला तुकडा काहीच काम करीत नाही. पेटीला इपॉक्सी प्रायमर देऊन वर रंग द्यावा. लाकडी होडीच्या तळाला लावण्याचा तांबेयुक्त रंग ॲल्युमिनियमला लावल्यास संरक्षणाऐवजी झीज वाढते.

शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांना हा धडा काही रुपयांत दाखविता येईल. मिठाच्या पाण्याच्या तीन काचेच्या पेल्यांत तीन लोखंडी खिळे ठेवावेत. एक तसाच, एकाला तांब्याची तार गुंडाळलेली आणि एकाला जुन्या टॉर्चच्या सेलच्या जस्ताची स्वच्छ धुतलेली पट्टी घट्ट बांधलेली. आठवड्याभरात तांब्याच्या सोबतीचा खिळा सर्वांत अधिक गंजलेला आणि जस्ताच्या सोबतीचा जवळजवळ स्वच्छ आढळतो. किनाऱ्यावरच्या शाळेत ज्यांच्या घरी होडी आहे ती मुले हा प्रयोग पाहून संध्याकाळी घरच्या इंजिनाचा जस्ताचा तुकडा शोधू लागतील, अशी अपेक्षा करण्यास हरकत नाही.

जोडणी आणि चाचणी

दुरुस्त पेटीत जुने सील आणि जुने वायसर परत घालू नयेत. पाणी शिरलेल्या पेटीतील बेअरिंग हाताने फिरवून खरखर लागते का ते पाहावे. लागत असेल तर तेही बदलावे. पंख्याचा दांडा डायल गेजवर फिरवून सरळ असल्याची खात्री करावी. गिअरांमागच्या पातळ चकत्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने बसवाव्यात. पेटी बदलली असेल तर फट नव्याने मोजावी. तेल नेहमी खालच्या भोकातून भरावे, म्हणजे आतील हवा वरच्या भोकातून निघून जाते. वरून तेल येऊ लागले की आधी वरचा स्क्रू लावावा, मग खालचा. उलट केल्यास तेल कमी भरते. इंजिन कोरड्या जमिनीवर क्षणभरही सुरू करू नये, पंपाची रबरी पाती पाण्यावाचून जळतात. चाचणीसाठी पेटी बुडेल एवढ्या पाण्याचे पिंप पुरे.

पूरबोट बाळगणाऱ्या ग्रामपंचायतीने हे सर्व मे महिन्यात उरकले पाहिजे. कोळीबांधवांना जून-जुलैचा बंदीकाळ मोकळा असतो; पूरबोटीला नेमका तोच काळ कामाचा असतो. पावसाळ्यानंतर पत्र्याच्या खोलीत ठेवून दिलेले इंजिन पुढच्या जुलैत प्रथमच बाहेर काढले जाते, तेव्हा गेल्या पुरात शिरलेले पाणी आठ-दहा महिने बेअरिंगांना खात बसलेले असते. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. बोटीसोबत एका वहीत तेल बदलल्याची तारीख, तेलाचा रंग, जस्ताची स्थिती आणि झालेले आघात लिहिले जावेत, दोन मऊ पिना, एक सुटा पंखा आणि स्क्रूंचे वायसर डबीत ठेवलेले असावेत. दुरुस्तीचे काम देताना कार्यादेशात पेटी पूर्ण मोकळी करून वेल्डिंग, नवे सील, दुरुस्तीनंतर दाबाची परीक्षा आणि काढलेले जुने भाग परत करणे या चार बाबी स्पष्ट लिहाव्यात. दाबाची परीक्षा सरपंचांच्या किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या समक्ष, पाण्याच्या पिंपात व्हावी. बुडबुडा दिसतो की नाही हे समजण्यास अभियंता असावा लागत नाही.

पहिले दोन-तीन तास इंजिन मध्यम गतीने चालवून बोट किनाऱ्यास आणावी आणि एक रात्र तशीच उभी ठेवावी. सकाळी खालचा स्क्रू थोडा सैल करून चार थेंब तेल बोटावर घ्यावे. ते नितळ असेल तर स्क्रू घट्ट करून बोट कामावर सोडावी. दुधाळ असेल तर पेटी पुन्हा पिंपात बुडवावी आणि बुडबुडा शोधावा.